पीएचडीचा डेटा ठेवायचा कुठे? नव्या संशोधकांसाठी टप्प्याटप्प्याने

पीएचडीला प्रवेश मिळाला, आरआरसीत (संशोधनाच्या विषयाला मान्यता देणाऱ्या समितीत) विषय मान्य झाला, की कोर्सवर्क कसं करायचं, शिष्यवृत्तीचे अहवाल कधी द्यायचे हे सांगणारे सीनियर्स भेटतात. गोळा केलेला डेटा कुठे ठेवायचा हे मात्र फारसं कोणी बसून समजावत नाही. मग तो जिथे जागा मिळेल तिथे साठत जातो: थोडा फोनमध्ये, थोडा लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर, थोडा गाइडच्या ईमेलमध्ये, थोडा व्हॉट्सअ‍ॅपवर.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षं मिळतात. तेवढ्या काळात लॅपटॉप बदलतो, फोन बदलतो, संस्थेचं क्लाउडचं धोरणही बदलतं. म्हणून हा निर्णय पहिली मुलाखत किंवा पहिला प्रयोग होण्याआधीच घ्यायला हवा.

‘हार्डडिस्क घेऊ की ड्राइव्हवर टाकू?’ असं अनेक जण विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी डेटाबद्दल दोन प्रश्न विचारा. हा हरवला तर पुन्हा मिळवता येईल का? आणि हा बाहेर गेला तर कोणाचं नुकसान होईल? याची उत्तरं मिळाली की जागेचा प्रश्न निम्मा सुटतो.

पहिला टप्पा: डेटाची प्रतवारी

दोन उदाहरणं घेऊ. एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर काम करते आहे. हा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि त्यावर सरकारी समितीही नेमली गेली. तिच्याकडे मुलाखतींचे आवाज आहेत, संमतीपत्रं आहेत, दवाखान्याच्या कागदांचे फोटो आहेत. दुसरा विद्यार्थी पुण्यातल्या एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं विभाजन टिपतो आहे.

त्या मुलाखती हरवल्या तर पुन्हा तशाच मिळणार नाहीत. टोळी कारखान्यावर निघून गेलेली असते, आणि एकदा मन मोकळं केलेली बाई तेच दुसऱ्यांदा तसंच सांगेल याचा भरवसा नसतो. त्या बाहेर गेल्या तर मुकादम, डॉक्टर, सासर यांपैकी कोणाचाही राग तिच्यावर निघू शकतो. पेशींच्या चित्रफिती बाहेर गेल्याने कोणत्याही माणसाला इजा होणार नाही. त्या हरवल्या तर प्रयोग पुन्हा करता येईल, फक्त वेळ आणि रसायनं जातील. दोघांचा डेटा एकाच प्रकारच्या जागेत ठेवण्यात अर्थ नाही.

एका कागदावर स्वतःच्या डेटाची यादी करा आणि प्रत्येक प्रकारापुढे ही दोन उत्तरं लिहा. तिसरा रकाना अटींचा. पुराभिलेखागारातून घेतलेल्या प्रतिमा, कंपनीने करारावर दिलेली आकडेवारी, सरकारी खात्याकडून मिळालेले नकाशे यांच्या परवानगीपत्रात ‘इतरत्र प्रत ठेवू नये’ असं लिहिलेलं असू शकतं. ते पत्र नीट वाचा.

माणसांविषयीची माहिती असेल तर कायदाही पाहावा लागतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संशोधनाला त्यात सवलत आहे, पण ती सरसकट नाही. त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि नियमांत दिलेली मानकं पाळायची, या अटींवर ती मिळते. ‘आमचं तर संशोधन आहे’ एवढं म्हणून मोकळं होता येत नाही.

दुसरा टप्पा: जागा किती लागेल, याचा हिशेब

हा हिशेब अंदाजपंचे करू नका, तो दहा मिनिटांत होतो. चांगल्या रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलची वेव्ह फाइल केली तर एका तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. दीड तासाच्या चाळीस मुलाखती म्हणजे साठ तास, म्हणजे साधारण ३१ जीबी. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, आणि त्यातच जीमेल आणि फोटोही येतात. ड्रॉपबॉक्सचं मोफत खातं तर २ जीबीचंच.

सूक्ष्मदर्शकाची गोष्ट वेगळी. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची १६ बिटांची एक प्रतिमा सुमारे ८ एमबीची होते. दर दहा सेकंदांनी एक याप्रमाणे बारा तास चित्रण केलं तर ४,३२० प्रतिमा, म्हणजे एका रात्रीत ३६ जीबी. दोन रंगांत घेतल्या तर त्याच्या दुप्पट. महिन्याभरात असे दहा प्रयोग झाले की टीबीची (टेराबाइट, म्हणजे हजार जीबी) भाषा सुरू होते.

नेटचा वेगही याच हिशेबात धरा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) असेल तर ३१ जीबी चढवायला सुमारे सात तास लागतात, आणि १ टीबीला नऊ दिवसांहून जास्त. हॉस्टेलच्या वायफायवर रोज ३६ जीबी क्लाउडवर चढवण्याचा बेत टिकणार नाही. अशा डेटासाठी लॅबमधलं स्थानिक साठवणच मुख्य ठेवावं लागतं.

तिसरा टप्पा: संस्थेकडे काय आहे, हे विचारा

डिस्क विकत घेण्याआधी विभागप्रमुख, संगणक केंद्र आणि ग्रंथपाल या तिघांशी बोला. ग्रंथपालांना वगळू नका. शोधगंगेवर (प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन भांडारावर) प्रबंध चढवण्याचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातूनच होतं, त्यामुळे संस्थेत कोणतं सर्व्हर, कोणतं खातं चालू आहे याची त्यांना अनेकदा सर्वांत चांगली कल्पना असते. मात्र शोधगंगा प्रबंधांसाठी आहे. कच्च्या मुलाखती किंवा प्रयोगाच्या फाइल ठेवण्याची ती जागा नाही.

विचारायचे प्रश्न नेमके ठेवा. संस्थेच्या ईमेलसोबत मला किती जागा मिळते? मी संस्था सोडल्यावर खातं किती दिवस राहतं? लॅबचा सर्व्हर असेल तर त्याचा बॅकअप कोण घेतं, किती दिवसांनी, आणि तो कोणत्या इमारतीत असतो? चुकून पुसलेली फाइल मागायला कोणाकडे जायचं? शेवटच्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं नाही, तर बॅकअपची जबाबदारी कोणाचीच नाही असं समजून चाला.

‘आपल्याला अमर्याद जागा आहे’ असं एखादे सीनियर सांगतील. ती माहिती जुनी झाली. गूगलने शिक्षणसंस्थांसाठीची अमर्याद साठवण बंद करत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि जुलै २०२२ पासून पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी अशी मूळ मर्यादा आणली. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये तशीच सामायिक मर्यादा लावली. हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात १०० टीबी भरायला वेळ लागत नाही, म्हणून संस्था आपापल्या वाटण्या करतात. तुमची वाटणी किती, हे तोंडी न विचारता ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर हाताशी राहील.

चौथा टप्पा: प्रत्येक जागेचं खरं रूप

*पेनड्राइव्ह.* ने-आण करण्यापुरता. जो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जातो, त्यावर मूळ डेटा कधीही नको. त्या दुकानातल्या संगणकाला दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह लागतात ते पाहा. प्रिंटसाठी वेगळा, छोटा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यावर फक्त पीडीएफ न्या. तिथल्या संगणकावर ईमेल उघडावाच लागला तर लॉगआउट करून, ब्राउझर बंद करूनच उठा.

*बाहेरची हार्डडिस्क.* हिच्याशिवाय भागत नाही, पण ही एकटी कामाची नाही. प्रकल्पाच्या किंवा फेलोशिपच्या कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या निधीतून) ती घेता येते का, हे लेखा विभागाला आधी विचारा. पावती संस्थेच्या नावाने लागते का, तेही. नवी डिस्क आली की फॉरमॅट बघा. एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅट सोयीचं. एसएसडी वेगवान असते, पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती चांगली नाही. त्या कामाला साधी फिरती हार्डडिस्क बरी, तीही अधूनमधून लावून पाहायची.

*लॅबचा नॅस.* नेटवर्कवर बसवलेला तीन-चार डिस्कचा डबा. मोठ्या प्रतिमा, जनुकीय सीक्वेन्सिंगचा डेटा यांसाठी हीच जागा योग्य. यातली रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायची रचना) म्हणजे बॅकअप, असा एक घट्ट समज आहे आणि तो घातक आहे. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावं एवढीच रेडची हमी. कोणी फाइल पुसली तर ती सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जाते. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं, डबा चोरीला गेला, वीज कोसळली, तर रेड काहीही वाचवत नाही.

*संस्थेचा क्लाउड.* लहान आणि मध्यम डेटासाठी माझी पहिली पसंती. पण इथे एक बारकावा आहे. गूगलमध्ये ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल तुमच्या खात्याची असते. खातं बंद झालं की तीही जाते, आणि पुसलेलं खातं प्रशासकाला फक्त वीस दिवसांच्या आत परत आणता येतं. ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधल्या फाइल संस्थेच्या मालकीच्या असतात, सदस्य गेला तरी राहतात. म्हणून गाइडना सांगून लॅबच्या नावाने शेअर्ड ड्राइव्ह काढून घ्या आणि संशोधनाचा डेटा पहिल्या दिवसापासून तिथेच ठेवा. लिंक शेअर करताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय मुलाखतींसारख्या डेटासाठी वापरू नका. ज्यांना द्यायचं त्यांचे ईमेल एक-एक करून टाका.

सिंक (लॅपटॉप आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथेच सांगतो. लॅपटॉपवर पुसलेली फाइल क्लाउडवरूनही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवस असते. संस्थेच्या वनड्राइव्हमध्ये साधारणपणे ९३ दिवस. त्यानंतर लक्षात आलं तर हातात काही उरत नाही.

*स्वतःचं खासगी क्लाउड खातं.* प्रकरणांचे मसुदे, टिपणं, वाचलेल्या लेखांची यादी यांना हरकत नाही. माणसांच्या मुलाखती, रुग्णांची माहिती, दुसऱ्यांच्या मालकीचा डेटा यांसाठी नाही. संमतीपत्रावर विद्यापीठाचं नाव असतं, आणि आवाज मात्र तुमच्या वैयक्तिक खात्यात, जिथे विद्यापीठाला काहीच पाहता किंवा सांभाळता येत नाही.

*सुपरसंगणकावरचं स्क्रॅच.* आयसर पुण्याच्या परम ब्रह्मसारख्या यंत्रणेवर काम करणाऱ्यांसाठी: स्क्रॅच ही गणित चालू असतानाची तात्पुरती जागा असते. तिचा सहसा बॅकअप नसतो आणि जुन्या फाइल आपोआप काढल्या जातात. जॉब संपला की निकाल त्याच दिवशी उचला.

*गिटहब.* कोडसाठी उत्तम. १०० एमबीहून मोठी फाइल ते घेत नाही, आणि एकदा चढवलेली संवेदनशील फाइल नंतर पुसली तरी इतिहासात राहते. डेटाचा फोल्डर सुरुवातीलाच वगळून ठेवा.

*व्हॉट्सअ‍ॅप.* ही साठवणीची जागाच नाही. फोटो तिथे दाबून लहान होतात, आणि गावातल्या सहायकाने ग्रुपवर टाकलेली संमतीपत्रं ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरतात.

अलीकडे आणखी एक दार उघडलं आहे. मुलाखतीचं लिप्यंतर आपोआप करून देणाऱ्या ऑनलाइन सेवा. तिथे आवाज चढवला म्हणजे तो तिसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवला. संमतीपत्रात त्याचा उल्लेख नसेल तर तसं करू नका. आपल्याच संगणकावर चालणारी लिप्यंतराची साधनं आता मिळतात. मराठीच्या बोली त्यांना नीट कळत नाहीत, पुष्कळ दुरुस्ती करावी लागते, पण आवाज आपल्याकडेच राहतो.

पाचवा टप्पा: तीन प्रती

छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजूनही पुरेसा आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी. आपल्याकडे शेवटच्या अटीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लॅपटॉप, हार्डडिस्क आणि नॅस तिन्ही एकाच खोलीत असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. तळमजल्यावरच्या खोलीत एकत्र ठेवलेल्या तीन प्रती म्हणजे प्रत्यक्षात एकच प्रत.

मोठ्या संस्था यातून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरसंगणकावरून सुमारे ७७ टीबी संशोधन डेटा पुसला गेला. तो पुसला बॅकअपच्याच यंत्रणेतल्या सदोष स्क्रिप्टने, आणि काही संशोधनगटांचा डेटा परत मिळाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतले ८५८ टीबी गेले, कारण त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती.

बीडच्या उदाहरणात वाटणी अशी करता येईल: कामाची प्रत लॅबच्या शेअर्ड ड्राइव्हवर, दुसरी कुलूपबंद हार्डडिस्कवर विभागाच्या कपाटात, तिसरी दुसऱ्या डिस्कवर दुसऱ्या इमारतीत, गाइडच्या ताब्यात. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअरही पोचतं.

क्षेत्रकार्यावर असताना हे सगळं शक्य नसतं. तिथे नियम एकच: रोज रात्री, झोपण्यापूर्वी, रेकॉर्डरमधून लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरून डिस्कवर. दोन्हीकडे फाइल उघडून दहा सेकंद ऐकायची. त्याशिवाय रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करायचं नाही. डिस्क आणि लॅपटॉप एकाच पिशवीत घेऊन एसटीत बसू नका.

सहावा टप्पा: कुलूप आणि नावं

लॅपटॉप आणि डिस्क दोन्हींवर एन्क्रिप्शन लावा, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येणार नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं, मॅकवर फाइलव्हॉल्ट, आणि कुठल्याही संगणकासाठी व्हेराक्रिप्ट मोफत मिळतं. लॅपटॉप दुरुस्तीला द्यायची वेळ प्रत्येकावर येते, आणि पासवर्ड असला तरी एन्क्रिप्शन नसलेली डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर सहज वाचता येते. रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारी किल्ली) मात्र त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. ती कागदावर लिहून बंद पाकिटात गाइडकडे द्या. किल्ली हरवली तर तुमचाच डेटा तुम्हालाही उघडता येणार नाही.

आता नावं. ‘सुनीताबाई_केज_शस्त्रक्रिया’ असं फाइलचं नाव असेल तर फाइल न उघडताच सगळं कळलं. त्याऐवजी ‘मु०१७_२०२५-११-०८’ असं नाव द्या, आणि मु०१७ म्हणजे कोण याची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा. ही यादी आणि मुलाखती एकाच डिस्कवर कधीही नकोत. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की फाइल आपोआप क्रमाने लागतात. फोनने काढलेल्या फोटोंमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, तेही काढा. आणि लहान गावाच्या बाबतीत नुसतं नाव काढून भागत नाही. ‘अमुक वस्तीवरची, दोन मुलींची आई, पतीचा अपघात झालेली’ एवढ्यावरून गाव तिला ओळखतं.

मूळ फाइलना हात लावायचा नाही. ‘मूळ’ नावाचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता करा आणि साफसफाई, कापाकापी प्रतीवर करा. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा: हा डेटा कधी, कुठे, कोणत्या यंत्रावर घेतला, रकान्यांचे अर्थ काय.

सातवा टप्पा: लिहून ठेवा आणि तपासा

ठरवलेलं सगळं एका पानावर उतरवा आणि गाइडची सही घ्या. संस्थेच्या नैतिकता समितीच्या अर्जातही डेटा कुठे, किती काळ, कोणाच्या हाती हे विचारलेलं असतं, तिथे हेच पान कामी येतं. संमतीपत्रात ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ एवढंच मोघम लिहू नका. समोरच्या बाईला कळेल असं लिहा: ‘तुमचा आवाज विद्यापीठाच्या कुलूपबंद खात्यात राहील. तो मी आणि माझ्या मार्गदर्शक बाई, आम्ही दोघीच ऐकू. लेखनात तुमचं नाव आणि गाव येणार नाही. तुम्ही मला कधीही फोन करून तो काढून टाकायला सांगू शकता.’ आणि जे लिहिलं ते साठवणीच्या जागेने शक्य करायला हवं. काढून टाका म्हटल्यावर तिन्ही प्रतींतून काढता आलं पाहिजे, म्हणून कोणती प्रत कुठे आहे याची नोंद हवीच.

दर सत्राच्या सुरुवातीला एक चाचणी करा. बॅकअपच्या डिस्कवरून कुठल्याही पाच फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा. प्रती मोठ्या संख्येने केल्या असतील तर मूळ आणि प्रत यांचे हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली खूण) जुळवून पाहा. एक बिट जरी बदलला असेल तरी ते कळतं.

संस्था सोडताना

व्हायवा झाला की घाई असते, म्हणून हे प्रबंध सादर करण्याआधीच उरका. काय प्रसिद्ध करायचं, काय लॅबला द्यायचं, काय नष्ट करायचं अशा तीन याद्या करा. ओळख पटणार नाही असा डेटा सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने चालवलेल्या झेनोडो या ऑनलाइन भांडारावर ठेवता येतो. एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मोफत मिळते आणि डीओआयही (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, त्यामुळे इतरांना तुमच्या डेटाचा संदर्भ देता येतो. जनुकीय क्रमांसाठी फरिदाबादचं भारतीय जैविक डेटा केंद्र २०२२ पासून आहे. समाजशास्त्रीय सर्वेक्षणं असतील तर आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) डेटा सेवेकडे चौकशी करा.

लॅबला द्यायचा डेटा शेअर्ड ड्राइव्हवर किंवा नॅसवर आहे ना, हे गाइडच्या संगणकावर बसून, त्यांच्याच लॉगइनने उघडून दाखवा. पासवर्ड आणि रिकव्हरी की त्यांच्या हाती द्या, डिस्कवर नाव आणि तारखेचं लेबल लावा, आणि ओळखीची यादी संमतीपत्रात सांगितलेली मुदत संपेपर्यंत कोणाच्या ताब्यात राहणार ते लेखी ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अभ्यास संपल्यानंतर किमान तीन वर्षं कागदपत्रं जपायला सांगितलं आहे, औषध चाचण्यांना त्याहून जास्त. नष्ट करायच्या फाइल नुसत्या कचरापेटीत टाकून जात नाहीत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ती पुन्हा फॉरमॅट करून किल्लीचं पाकीट फाडलं की काम होतं. क्लाउडवर कचरापेटी रिकामी करा, फोनमधल्या आणि रेकॉर्डरच्या कार्डावरच्या प्रती शोधा, आणि ज्या सहायकांनी फाइल पाठवल्या त्यांच्याही फोनमधून त्या काढून घ्या.